दोरी सहा मीटर

६ एप्रिल, गुरुवार
१. बस साडेदहाला पोहोचली.
२. लेफ्तेरिस थांब्यावर हजर होता. दोन वर्षांच्या सहवासात पहिल्यांदाच वेळेवर.
३. घरमालकीण किरा स्तामाताने बॅग खाली ठेवायच्या आत पाव आणि ऑलिव्ह पुढे केले. अथेन्सात पोरींना उपाशी ठेवतात का, म्हणाली.
४. दुपारी विवर पाहिलं. रुंदी १५८ मीटर. काठालगत नवी भेग. तिच्यासाठीच मला बोलावलंय. उतारभर लाल ॲनिमनी फुललेत. सुंदर आहे. हे अहवालात जाणार नाही.

८ एप्रिल, शनिवार
भेगेच्या तीन मीटर अलीकडे खुंट्या ठोकून लाल दोरी बांधली. दोरीपलीकडे कोणी जायचं नाही, असं गावाला बजावलं. गुड फ्रायडेला ख्रिस्ताची तिरडी सजवायला इथलीच फुलं लागतात. ती खुडते आर्गिरो, गावातली विणकरीण. लेफ्तेरिस महिनाभर इथेच काम करतोय. तो तिला लाडाने ‘आर्गिरुला’ म्हणतो. मला आडनावाने हाक मारतो.

१० एप्रिल, सोमवार
लेफ्तेरिसला आता सात रानफुलांची नावं येतात. माझा वाढदिवस लक्षात राहत नाही. किरा स्तामाता म्हणाली, अगं पोरी, पुरुष फुलं बघायला लागला की खुडणारीलाही बघत असतो. ती हसली. मीही हसले.

१२ एप्रिल, बुधवार
आर्गिरोने विचारलं, इंजिनीअरबाई, दोरीपर्यंत माती पक्की ना? तुमच्या दोरीच्या भरवशावर माझा जीव. मी हो म्हणाले.
संध्याकाळी खुंट्या उपटून काठाकडे सरकवल्या. सहा मीटर, टेपने मोजून. आता भेग दोरीच्या अलीकडे आली. ती गवताने झाकली.
तिने घाबरावं, एवढंच.

१३ एप्रिल, गुरुवार
४.१०. समोरच्या टेकडीवरून दुर्बिणीतून बघत होते. आर्गिरो दोरीशी वाकली. काठ गेला. तीही. आवाज दोन सेकंदांनी आला. मी कोणाला हाक मारली नाही.
८.३०. आर्गिरो चर्चमध्ये आली. ओटीभर फुलं. लेफ्तेरिस म्हणाला, आर्गिरुला, डोंगरावर एखादं फूल तरी ठेवलंस का मागे? सगळे हसले. सर्वांत जास्त ती.
ॲनिमनी सूर्यास्ताला मिटतात. तिचे उघडे होते.

१४ एप्रिल, शुक्रवार
सकाळी आर्गिरोने माझी खुंटी आणून दिली. तळाशी सापडली म्हणाली. हात गार. नखांत लाल माती.
दुपारी पायऱ्यांनी विवरात उतरले. ढिगारा. त्यातून तिच्या हिरव्या स्कार्फचं टोक. ओढलं. थोडं आलं. मग केस—
वर येऊन बघते तर ती लेफ्तेरिसच्या शेजारी बसलेली.

१५ एप्रिल, शनिवार
दुपारी ती त्याला फुलं दाखवायला नेणार. तळाशी. जाऊ नकोस म्हणाले. झालं तुझं सुरू, म्हणाला. जळतेस तिच्यावर.
हो. पण—

१.४०. लेफ्तेरिसच्या खोलीत दोघंही नाहीत. हे पान फाडून त्याच्या जीपच्या काचेला लावते.
लेफ्तेरिस, दोरी मी सरकवली. आर्गिरो गुरुवारी गेली. तुझ्यासोबत आहे ती आर्गिरो नाही. मत्सर समज, पोलिसांत दे, पण खाली उतरू नकोस. रविवार सकाळपर्यंत उत्तर दे. जास्त नको. एवढंच लिही की तू वर आहेस, आणि एकटा—