सातवं कोण?

ईस्ट टॉपफोर्ड, व्हरमाँट
८ फेब्रुवारी

चि. एल्डन यास ताईचे अ. उ. आ., वि. वि.

गेल्या रविवारी तू फोन आपटलास तेव्हाच ठरवलं, आता लिहायचं. कागदावर तुला मध्येच तोंड घालता येत नाही, तेवढंच मला सुख.

इकडे बर्फ खिडकीला टेकलाय. तुझा दाजी रॉइस मेपलच्या झाडांना गोड रस काढायच्या नळ्या लावतोय. आपल्या नाही रे बाबा, लँगडनसाहेबांच्या. टेकडीवर आता आपलं म्हणावं असं झाड उरलंय कुठे? लेकीची जोसी मजेत आहे. आजीपेक्षा जास्त बोलते असं तिच्या बाई म्हणाल्या. कुणावर गेली कोण जाणे.

आता ज्यावरून तू भडकलास ते नीट ऐक. शाळेचं छप्पर गेलंय, बॉयलर गेलाय आणि गावाकडे पैसा नाही. लँगडनसाहेब म्हणतात, सगळं मी करून देतो, पुढची काही वर्षं शाळा चालवायचाही खर्च देतो. बदल्यात त्यांच्या घरापुढून पर्च तळ्याकडे जाणारा रस्ता गावाने सोडून द्यायचा. मग तिथे फाटक लागेल. पोहणं नाही, हिवाळ्यात बर्फ फोडून मासे धरणं नाही, काही नाही. मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावाच्या सभेत यावर हात वर करायचे आहेत.

दुकानात दुसरा विषय नाही. क्लाइड म्हणतो, त्याचा पैसा आहे, त्याने कमावलाय, अटी घालणारच, नको असेल तर घेऊ नका. टपाल कचेरीतली मर्टल म्हणते, मुलांचा इतका कळवळा असेल तर रस्ता न मागता पैसे द्यावेत की! मला दोघांचंही पटतं, आणि म्हणून मी ब्रेड घेऊन मुकाट्याने घरी येते.

सभेला साहेबांचा मॅनेजर ब्लेक भिंतीकडच्या बाकावर, मताचा हक्क नसलेल्यांच्या जागी, येऊन बसतो. हसतमुख माणूस. नुसतं बघतो, कुणाचा हात कधी वर गेला. मागच्या वर्षी नळवाल्या डेनीने साहेबांच्या विरुद्ध हात वर केला होता. त्याला कुणी एक शब्द बोललं नाही. टेकडीवरच्या घरांतून त्याला काम यायचं मात्र बंद झालं.

प्रकृतीला जप, आणि ताईवर जेवढा राग आहे त्याहून थोडी जास्त माया असू दे.

तुझी,
व्हर्ना


टोलेडो, ओहायो
१५ फेब्रुवारी

ती. ताईस एल्डनचा सा. न., वि. वि.

फोन मी आपटला नाही, हातातून निसटला. तुझं बोलणं ऐकून कुणाच्याही हातातून निसटला असता.

अगं, तुम्ही सगळे झोपलाय का? या लोकांना कर भरा म्हटलं की पोटात दुखतं, आणि दान करायची वेळ आली की हवं ते मागून घेतात. शाळेचं छप्पर ही काय भीक आहे? ते गावाचं काम आहे. आणि तो रस्ता आपल्या बापजाद्यांच्या आधीपासून गावाचा आहे. तुला आणि मला पोहायला कुठे शिकवलं बाबांनी? लँगडनच्या नहाणीघरात?

आणि नियम विसरलीस वाटतं. सभेत सात मतदारांनी उभं राहून चिठ्ठ्या मागितल्या तर क्लाइडला चिठ्ठ्या वाटाव्याच लागतात. सभा तोच चालवतो ना अजून? मग बस म्हणावं त्या ब्लेकला हसत. पेटीत कुणी काय टाकलं ते त्याच्या बापालाही कळणार नाही.

आमच्या गोदामात युनियनचं मतदान होतं तेव्हा साहेब लोक एकेकाला खोलीत बोलवायचे. कॉफी द्यायचे, बायकापोरांची चौकशी करायचे, मग हळूच विचारायचे, तुझं काय ठरलंय? मला घाम फुटायचा, खोटं कशाला बोलू. पण पेटीपुढे गेलो तेव्हा मी कुणाचा नोकर नव्हतो. ताई, तेवढ्या एका मिनिटासाठी भांडायला हवं.

तर तू पहिली उभी राहा. दाजींना नमस्कार सांग, आणि म्हणावं, पाठीचा कणा अजून शाबूत असेल तर वापरायला हरकत नाही.

चिडलीस तरी लिही. लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
एल्डन


ईस्ट टॉपफोर्ड
२१ फेब्रुवारी

चि. एल्डन यास आशीर्वाद. या वेळी अनेक नाहीत, एकच. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि चुलीत घातलं. कण्याचं वाक्य रॉइसच्या नजरेस पडू नये म्हणून.

तुला माहीत नसेल तर सांगते. हे घर लँगडनसाहेबांचं आहे. सरपण त्यांचं, गाडी त्यांची. आणि रॉइसचा आरोग्य विमा त्या नोकरीबरोबर येतो. इन्सुलिन तर आहेच, पण आता डोळ्यांत इंजेक्शनं घ्यावी लागतात. ती चुकली तर दिसायचं बंद होईल असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय. म्हाताऱ्यांचा सरकारी विमा मिळायला त्याला अजून चार वर्षं आहेत. बाहेरून विकत घ्यायचा तर काय पडतं ते तूच बघ. तुझ्या सोफ्यावरून कणा फार छान दिसतो रे!

काल मर्टल भोपळ्याचा केक घेऊन आली. बसली, केक कापला, खाल्ला, मग बोलली. चिठ्ठ्या मागायला सहाजण तयार आहेत. ती स्वतः, डेनी, आणि बाकी सगळे पेन्शनवाले. ज्यांचं काही जायचं नाही किंवा आधीच गेलंय, असे. सातवं कुणी मिळत नाही. तिने मला विचारलं नाही. नुसती बघत राहिली. मी तिला आणखी एक तुकडा वाढला.

रॉइसला कळलंच. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला की सभेच्या दिवशी तू हॉलच्या स्वयंपाकघरातच थांब, गावजेवणाच्या बीन्सकडे बघ, जेवणाच्या आधी बाहेर येऊच नकोस.

आणि खरं सांगू? मला रस्ता हवाय की शाळा, हेच मला अजून कळलेलं नाही. शाळा बंद पडली तर जोसीला डोंगरापलीकडे बसने जावं लागेल. वळणावळणाला ओकते ती पोर. पण ब्लेक बघत असताना हात वर करायचा म्हटलं की माझं डोकंच चालत नाही. माझं काय मत आहे ते मला स्वतःलाच ऐकू येत नाही.

झोप उडालीय. मनात मात्र तुला जागा आहे, तशीच तुझ्या मनात राहू दे.

व्हर्ना


टोलेडो
२७ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

विम्याचं मला माहीत नव्हतं. डोळ्यांचंही तू कधी बोलली नाहीस.

उभी राहू नकोस. मागचं पत्र मी लिहिलंच नाही असं समज. माझी ऐट माझ्यापाशी, तिच्यासाठी दाजींचे डोळे नकोत. मर्टलला दुसरं कुणीतरी मिळेल, आणि नाही मिळालं तर नाही. एका तळ्यासाठी कुणी मरत नाही.

स्वयंपाकघरात थांब. बीन्स ढवळ. हे मी लिहितोय याची मलाच लाज वाटतेय, पण थांब.

वरची खोली रिकामीच आहे. गरज पडेल म्हणून नाही, सहज सांगतोय.

सभा झाली की लगेच लिही. जीव टांगणीला लागलाय.

तुझा,
एल्डन


ईस्ट टॉपफोर्ड
९ मार्च

चि. एल्डन यास अनेक आशीर्वाद, या वेळी खरोखर अनेक. वि. वि.

तुझं पत्र सभेच्या आदल्या दिवशी मिळालं. अॅप्रनच्या खिशात घालून गेले आणि तू सांगितलंस तसंच केलं. बीन्स ढवळत बसले. हॉलचं दार उघडंच होतं, सगळं ऐकू येत होतं.

क्लाइडने रस्त्याचा ठराव वाचला. मर्टल उठली आणि चिठ्ठ्या हव्यात म्हणाली. क्लाइडने विचारलं, आणखी कोण? खुर्च्या वाजल्या. त्याने मोठ्याने मोजले, सहा भरले. मग तो थांबला. बराच वेळ थांबला, मर्टलची लाज राखायला असेल. एल्डन, त्या हॉलमध्ये सगळं गाव होतं आणि सातवं कुणी उठेना. मी दारातून पाहिलं तर सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. एकटा ब्लेक तेवढा माणसांकडे बघत होता, प्रेमाने, बाप पोरांकडे बघतो तसा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आम्ही म्हातारेकोतारे झालो, कर भरतो, पोरं वाढवली, आणि हा काल आलेला मुलगा आम्हाला बुटांकडे बघायला लावतो?

क्लाइड पुरेसे नाहीत असं म्हणायला लागला तेवढ्यात मी पळी हातात घेऊनच बाहेर आले आणि म्हटलं, मी आहे. रॉइसने मान वळवून पाहिलं. ती नजर मी जन्मात विसरणार नाही. ब्लेक हसतच होता.

चिठ्ठ्या वाटल्या. पडद्यामागे जाऊन लिहायचं होतं. तिथे मी एकटी होते आणि पहिल्यांदा डोकं शांत झालं. तळं आठवलं, बाबा आठवले, तूही आठवलास, नाकात पाणी जाऊन रडणारा. आणि मग जोसी आठवली. मी लिहिलं, हो. रस्ता द्या.

हो, एल्डन. चीड हवं तेवढं.

पेटी उघडली. होकार कितीतरी जास्त निघाले. मर्टल मटकन खाली बसली. रस्ता गेला, शाळा राहिली. सगळ्यांनी माझे बीन्स खाल्ले आणि छान झालेत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ब्लेक घरी आला. बूट दाराशी काढले, फार सभ्य. म्हणाला की साहेबांच्या मनात काही नाही, पण माझं उभं राहणं त्यांना लागलंय, आपल्याच माणसाने अविश्वास दाखवला असं वाटतंय. मत कुठे दिलं तेवढं सांगून टाका, म्हणजे विषय मिटला. रॉइस चुलीपाशी उभा होता. एक शब्द बोलायचा होता रे. खराच होता तो. हो म्हटलं असतं तर घर राहिलं असतं, विमा राहिला असता.

माझ्या तोंडून निघालं की ते मी सांगणार नाही. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. एकदा सांगितलं असतं तर पुढच्या वर्षी तो प्रत्येकाच्या घरी बूट काढून बसला असता. त्याने चहाबद्दल आभार मानले. एप्रिलअखेर घर सोडायचंय, नोकरी आणि विमाही तेव्हाच संपतो.

मला वाटलं रॉइस आता मला फाडून खाईल. तो दिवसभर अंगणात सरपण फोडत राहिला. संध्याकाळी बाजूला येऊन बसला आणि म्हणाला की वेडे, त्याला खोटंच सांगायचंस, हो लिहिलं म्हणायचंस, त्याला काय कळणार होतं? आणि मग माझा हात धरून म्हणाला की पण बरं केलंस, रस्त्यासाठी एवढं केल्यावर तू खोटं बोलली असतीस तर मला आवडलं नसतं. आता भेटेल त्याला सांगत सुटलाय, माझ्या बायकोने टेकडीवाल्याला नाही म्हटलं. त्याचे ते डोळे इतके चमकतात की मी त्यांच्याकडे बघू शकत नाही.

वरची खोली झाडून ठेव. आणि आम्ही आलो की जेवताना मतदानाचा विषय काढू नकोस. मी काय लिहिलं ते तुझ्यामाझ्यातच राहू दे, आणि ते कळूनही या ताईवरची माया कमी करू नकोस.

तुझी,
व्हर्ना