बिनचाकाचं धनुष्य

सर, तुमचं धनुष्य मी परत दिलं. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही आशेवर राहणार नाही. काकू ते घेऊन कोरपन्याहून तीन गाड्या बदलत माझ्या क्वार्टरवर आल्या होत्या, काळी पेटी मांडीवर धरून. मी ते चार दिवस ठेवून घेतलं आणि पाचव्या दिवशी नेऊन दिलं. यंदाच्या निवड चाचणीला मी बांबूचं धनुष्य घेऊन उतरले. माझ्या बापाने तासलेलं. त्याला चाक नाही, दुर्बीण नाही, नेम धरायची काडी, ती साईट, सुद्धा नाही. तुम्ही असता तर मैदानाच्या त्या टोकावरून ओरडला असता, "काऊन वो, डोकं फिरलं काय तुयं?" हो सर, फिरलं. अडतीस वर्षांच्या बाईचं डोकं तिला पाहिजे तिकडे फिरतं. तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, आता तरी माझं पूर्ण ऐकून घ्या, मध्येच शिटी वाजवू नका.

मी चौदाची होते. अहेरीला वसतिगृहात राहून शिकत होते आणि दिवाळीच्या सुट्टीवरून येताना बाबाचं धनुष्य घेऊन आले होते, तुम्हाला दाखवायला. केवढ्या ऐटीत आणलं होतं! तुम्ही मैदानावर चुन्याच्या रेघा मारून घेत होता. ते हातात घेतलंत, उलटंसुलटं केलंत, बांबूच्याच सालीची ती दोरी बोटाने वाजवून पाहिलीत, आणि सगळ्या पोरींसमोर म्हणालात, "हे पाहुणे येतील त्या दिवशी आन. डोक्यात पिसं खोचून उभी राह्य, ते फोटो काढतील अन् निंगून जातील. मेडल पाहिजे असंल तर हे घरी ठेवून ये." पोरी फिदीफिदी हसल्या. मी ते न्हाणीमागच्या सरपणात लपवलं, पुढच्या सुट्टीत घरी नेलं आणि बाबाला म्हटलं, शाळेत हे चालत नाही. बाबाने ते घेऊन आढ्यावर ठेवलं. तो तसाही फार बोलत नाही, म्हणून मला वाटलं त्याला काही वाटलं नसेल.

तुमचा राग माझ्यावर नव्हता, हे मला नंतर कळलं. रविवारी तुम्ही घरी जेवायला बोलवायचात. काकू गरम भात वाढत आहेत, वरण, वांग्याची भाजी, जवसाची चटणी, आणि तुम्ही समोर बसून सांगत आहात, "आमच्या आज्यानं धम्म घेतला तवा घरातलं जुनं सगळं गाठोड्यात बांधलं अन् नदीत सोडून देल्लं. मांगं वळून पायलं नाई. म्हनून मी मास्तर झालो. तू बी सोड." माझ्या गावात मला कोणी असं कधी सांगितलं नव्हतं की तू काही तरी होऊ शकतेस. मी ऐकत राहिले आणि सोडलं. पण सर, त्या दिवशी तोंडात घास होता म्हणून जे बोलता आलं नाही ते आज बोलते. तुमच्या आजोबांनी जे नदीत सोडलं ते दुसऱ्यांनी त्यांच्या माथी मारलेलं होतं. ते सोडायलाच पाहिजे होतं, आणि त्यांनी सोडलं म्हणून मी त्यांच्या पाया पडेन. माझ्या बापाचं धनुष्य कोणी आमच्या माथी मारलं नव्हतं. ते त्याने स्वतःच्या हाताने केलं होतं, त्याच्या बापाकडे बघून. जुनं म्हणून दोन्ही एका गाठोड्यात कसं बांधलंत तुम्ही?

मग ते यंत्र हातात आलं, चाकांचं कंपाऊंड धनुष्य. कंपाऊंडला मी मनातल्या मनात सायकल म्हणायची, कारण त्याच्या दोन्ही टोकांना चाकं. ओढायला लागलं की जीव जातो, पण पूर्ण ओढलं की चाकं फिरतात आणि भार एकदम उतरतो. मग पाहिजे तेवढा वेळ धरून उभं राहता येतं. तुमची सगळी विद्या त्या धरून राहण्यातच होती. "थांब... थांब... श्वास सोड... आता." तुम्ही माझ्या मागे उभे आहात, अंगाला खडूचा वास येतो आहे, आणि मी थांबते आहे. दोन वर्षं मी फक्त थांबायला शिकले. राज्यात पहिली आले तेव्हा तुम्ही स्वतःचं रिलीज, दोरी सोडायचं ते खटक्याचं यंत्र, माझ्या मनगटाला बांधून दिलंत आणि म्हणालात, "आता हे तुयं." खोटं कशाला बोलू? त्याच्याच जोरावर मी वनरक्षक झाले. आज मार्कंड्याच्या बाजूला माझा बीट आहे, म्हणजे राखायचा जंगलाचा पट्टा, गणवेश आहे, लोक मॅडम म्हणतात. त्यानंतर लग्न, लेक, उन्हाळाभर वणव्यामागे धावणं. धनुष्य सरकारी होतं, ते जमा झालं. तुमचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत, कारण खेळ सुटला हे तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगणार होते? तिसरा फोन काकूंचा होता, तुम्ही गेलात म्हणून.

दोन वर्षांपूर्वी मला पुन्हा बाण सोडावासा वाटला. का, ते विचारू नका. भूक लागते तसा वाटला. मी सरळ बाबाकडे गेले. बाबा आता थकला, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. तो आमच्या गोंडीत बोलतो, मी तुमच्यासाठी मराठीत लिहिते. म्हटलं, मला एक धनुष्य पाहिजे. तो बिडी विझवून म्हणाला, "शाळेत चालते काय आता?" बावीस वर्षं त्याने ते वाक्य पोटात ठेवलं होतं, सर. त्याने आढ्यावरचं त्याचं जुनं धनुष्य काढून दिलं आणि गवताचा भारा कुंपणाला टेकवून ठेवला. मी बाण लावला, जबड्यापर्यंत ओढला, आणि माझं सगळं अंग भार उतरायची वाट बघत राहिलं. बांबूचा भार उतरत नाही. तो वाढतच जातो. दंड थरथरायला लागले, तरी डोक्यात तुमचा आवाज, थांब, थांब. आणि कडाड्! वरचं टोक मोडून कपाळावर बसलं. बाबा आधी धावत आला, रक्त नाही हे पाहिलं, आणि मग असा हसला की त्याला खोकला लागला. "झोप लागली होती काय? ते का खुंटी हाय, लटकून राह्याले? हात पोचला की सोडायचं." आमच्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा ही चूक करणार नाही. ती फक्त चाकांवरून परत आलेल्या माणसालाच करता येते.

नवीन धनुष्यासाठी बाबाने मला दिवाळीनंतरपर्यंत ताटकळत ठेवलं. बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा, नाही तर त्याला भुंगा लागतो आणि आतून पीठ पडतं, हे त्याचं म्हणणं. मी वनरक्षक, म्हणून आधी ग्रामसभेला विचारून घेतलं, तर त्यावरही तो दोन दिवस हसत होता. त्याने बोटांनी चाचपून बांबू निवडला, कारण डोळ्यांचा भरवसा नाही. तासला, चुलीवरच्या धुरात टांगला, सालीची दोरी काढली. मग मी दीड वर्ष चुकले. बाण गवत सोडून सगळीकडे गेले, कुंपणात, शेणाच्या ढिगात, एकदा तर शेजारणीच्या वाळत घातलेल्या लुगड्यात. त्या बाईच्या शिव्या पण खाल्ल्या. आणि एका सकाळी हात पोचला, बाण गेला, आणि मी नेम धरलाच नव्हता हे मला बाण रुतल्यावर कळलं. तुमच्याकडे मी शंभर वेळा बरोबर मारला असेल, पण तो प्रत्येक बाण तुम्ही "आता" म्हटल्यावर सुटलेला होता. हा माझा मी सोडला.

एवढ्यात जिल्ह्याच्या संघटनेतल्या एका भाऊंचा फोन आला. "मॅडम, कंपाऊंडमध्ये बायकांची जागा रिकामी हाय. तुम्ही उतरल्या तर राज्यापर्यंत कोनी अडवत नाई. अन् नव्या केंद्रावर कोच म्हनून तुमचंच नाव टाकतो." मला ती जागा पाहिजे होती, सर. पोरींना शिकवायचं, तुमच्यासारखं मैदानावर चुन्याच्या रेघा मारायच्या, हे मला किती वर्षं पाहिजे होतं ते तुम्हाला माहीत आहे. अट एकच, कंपाऊंड. त्याच भाऊंनी काकूंना कळवलं असणार. काकूंनी तुमच्या धनुष्याला चंद्रपुरात नव्या दोऱ्या बसवून घेतल्या आणि पेटी घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. "कपाटात होतं वो दहा वर्सं. कोनाले हात लावू नाई देल्ला. ती येईन म्हने, तिच्याच हाती दे म्हने." मी म्हटलं, "काकू, मी आता बांबूनं खेळून राह्यली." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "त्याईले काय वाटंन?" मी पेटी त्यांच्याकडे सरकवली. "चार दिवस ठेव," त्या म्हणाल्या, "मंग सांग."

पाचव्या दिवशी मी पेटी कोरपन्याला नेली. काकूंनी ती कपाटात ठेवली आणि ताट वाढलं. फॉर्म भरताना भाऊंनी पेन माझ्या हातातून काढूनच घेतला. "मॅडम, पोरं बांबूवरून कंपाऊंडवर जातात. तुम्ही उलट्या चालून राह्यल्या." मी म्हटलं, "हो, माह्यं घर तिकडंच हाय." पेन परत घेतला आणि बांबू लिहिलं. चाचणीच्या दिवशी माझ्या दोन्ही बाजूंना पंधरा-सोळाच्या पोरी. एकीने अगदी काळजीने विचारलं, "मावशी, तुमचा साईट कुठी पडला काय?" मी हसून हसून पहिला बाण काठावर घालवला. मी सहावी आले. चार घेतात. कोचची जागा दुसऱ्या एका मुलाला मिळाली, चांगला आहे, कंपाऊंड खेळतो. वाईट वाटलं, फार वाटलं, घरी येऊन लेकीवर उगाच ओरडले. पण एकही बाण मी थांबून सोडला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा जाणार आहे, सातवी येईन, दहावी येईन, मला कोणी विचारायचं काम नाही. आणि आमच्या बीटातल्या चार पोरी रविवारी अंगणात येतात, त्यांना मी बाबा शिकवतो तसं शिकवते. केंद्र नाही, फळा नाही, शिटी तर नाहीच.

एक राहिलं. पेटी माझ्याकडे होती त्यातल्या तिसऱ्या दिवशी, सकाळी, मी ती आणि एक कागदी निशाण घेऊन वैनगंगेच्या वाळूत गेले. तुम्ही उंच होता, तुमचं धनुष्य तुमच्या लांब हाताच्या मापाला लावलेलं असायचं. शाळेत एकदा चोरून ओढलं होतं तर दोरी माझ्या कानामागे गेली होती. मला वाटलं, आताही तसंच होईल, माप बसणार नाही, आणि मग कोणाशी भांडायलाच नको. मी ओढलं. चाकं फिरली, भार उतरला, आणि दोरी माझ्या जबड्याच्या कोपऱ्यावर येऊन थांबली, केसभरही इकडे-तिकडे नाही. मी वाळूतूनच चंद्रपूरच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, दोऱ्या तेवढ्या बदलल्या, मापाला हात लावला नाही. म्हणजे ते तुम्ही लावलं होतं. कधी, सर? पहिला फोन मी उचलला नाही त्यानंतर, की दुसऱ्यानंतर? मी सहा बाण सोडले. सहाही निशाणाच्या मधल्या पिवळ्यात. आणि मला आवडलं, फार आवडलं, इतकं की वाळूत बसून रडले, आणि ठरवलं की हे आता चार दिवसांवर एक दिवसही घरात ठेवायचं नाही. काकूंनी ताट वाढल्यावर एकदाच विचारलं, "काऊन नाई घेत वो?" मी म्हटलं, "माप नाई बसत, काकू. सरांचे हात लांब होते." त्यांनी मान डोलावली. म्हणून हा कागद त्यांच्या घरी जाणार नाही.