अंगातला धातू

मुंबई, १२ फेब्रुवारी २००७

ती. झुंबरमावशीस मोहिनीचा सा. न.

एमआरआयच्या यंत्रात आतल्या बाई पालथ्या झोपल्या आहेत. अजून अकरा मिनिटं त्यांना हलायचं नाही आणि मला काचेतून त्यांच्याकडे बघत बसायचं आहे. तेवढ्यात लिहिते. फोनवर तू हो-नाही एवढंच बोलतेस, म्हणून पत्र.

तेवीस तारखेला तुझी बायोप्सी. तुझ्या छातीतला डाग सोनोग्राफीत सापडत नाही, एमआरआयमध्येच दिसतो. म्हणून तुकडाही त्यातच बघून काढायचा. फळीला दोन भोकं असतात, छाती त्यांतून खाली सुटते. ती दोन पट्ट्यांत दाबून धरतात. हाताच्या शिरेतून औषध देतात, त्यानं डाग उजळतो. पत्र्यावर घण घातल्यासारखा आवाज होतो. मग फळी बाहेर, बधिर करायचं इंजेक्शन, पोकळ सुई. सुई जागेवर आहे का ते बघायला पुन्हा आत. दुखत नाही, दाब कळतो. तुकडे काढले की आत रव्याच्या दाण्याएवढी खूण ठेवतात. टाके नाहीत. संध्याकाळी माझ्या घरी.

अंगात कुठे धातू असेल तर आधी कळव. आणि कॅन्सर आहे का, हे मला पुन्हा विचारू नकोस. तुकडा तपासल्याशिवाय कोणालाच कळत नाही.

काकांना नमस्कार. रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

मोहिनी

मखमलाबाद, १६ फेब्रुवारी

चि. मोहिनीस आशीर्वाद.

पत्र वाचून डब्यात ठेवलं. भोकांची फळी वाचून मी एकटीच हसले. हे विचारत होते काय झालं. सांगता येईना.

धातूचं मात्र तू लिहायला नको होतंस. नाशिकला एमआरआय काढला तेव्हा तिथल्या माणसानंही चारचौघांत तेच विचारलं. आमच्याकडे बाईचा धातू जातो म्हणजे काय, ते तुला माहीत आहे. परक्या पुरुषानं विचारायचं का? मी नाही म्हणून सांगितलं. पांढरं जाणं माझं कधीच थांबलंय. बहिणीची लेक म्हणून तुला एवढं तरी लिहिलं.

तिथे आत सरकवलं तेव्हा उजवा तळहात आतून कोणी ओढल्यासारखा झाला. हलायचं नाही म्हणाले होते, मी हलले नाही. भीतीनंच झालं असेल. तेवीसला येते. हे गुलाबाची गाडी बाजाराला लावून बरोबर येतील.

मावशीला विसरत जाऊ नकोस.

झुंबर

मुंबई, २० फेब्रुवारी

ती. मावशीस सा. न.

काल फोनवर घाईत सांगितलं, ते नीट लिहिते. मी धातू म्हटलं ते लोखंड, पोलाद. छर्रा, खिळा, सुई. हे यंत्र म्हणजे मोठं लोहचुंबक आहे. तुझा तळहात भीतीनं ओढला गेला नाही. चूक तुझी नाही. मी रोज पंचवीस बायकांना हाच शब्द विचारते आणि त्या मान हलवतात. आजपासून मी सुई आहे का, असं विचारते.

हाताचा एक्स-रे काढ. जे असेल ते आधी काढून घ्यावं लागेल. तारीख नऊ मार्च केली आहे. पुढे गेली म्हणजे टळली, असं धरून बसू नकोस. मी तुला ओळखते.

तुझ्या मायेतली,
मोहिनी

मखमलाबाद, १४ मार्च

चि. मोहिनीस आशीर्वाद.

हाताचे टाके काल काढले. समाधान पोटात होता, मला सहावा महिना होता, तेव्हा हार ओवताना हातात सुई मोडली होती. अर्धी सापडली. उरलेली मातीत पडली असं सासूबाई म्हणाल्या आणि मीही तेच धरून चालले. अठ्ठावीस वर्षं मी त्याच हातानं हार ओवले.

नऊ तारखेचं तुला माहीतच आहे. तू लिहिलंस तसंच सगळं झालं. फक्त पालथं पडल्यावर नाक खाजतं आणि हात नेता येत नाही, हे लिहायचं राहिलं तुझं. तुझे डॉक्टर मला सारखं शाबास म्हणत होते, शाळेत कोणी म्हटलं नाही एवढं. एक सुई काढली आणि आत खुणेचा दुसरा धातू ठेवला, असं मी ह्यांना म्हटलं. हे हसले नाहीत. जागा निळी पडली आहे. घागर उचलत नाही.

तुझ्या डॉक्टरांनी रिपोर्ट नाशिकच्या डॉक्टरांकडे पाठवला आहे. उद्या बोलावलंय. तारीख पुढे गेली तेव्हा मला बरं वाटलं होतं. तू ओळखलंस ते खरं.

लोभ आहे, तो तसाच राहू दे.

झुंबर

ता. क. १५ मार्च. पत्र टाकायचं राहिलं होतं. सकाळी गेलो. कॅन्सर आहे, लहान आहे. ऑपरेशन सोमवारी. येताना ह्यांनी स्कूटर दोनदा चुकीच्या रस्त्याला घातली. मी मागून रस्ता सांगितला. अकराला घरी पोचलो.