रोमानियावरून जवळ पडतं

१६ जून, रविवार
चहाच्या अड्ड्यावर आज पुन्हा तोच काथ्याकूट. यंदा गावी कुठल्या रस्त्याने जायचं? जर्मनीतल्या आमच्या हेर्ने गावातले सगळे तुर्क एका सुरात: ऑस्ट्रिया, हंगेरी, सर्बिया, बल्गेरिया, की घर. तीस वर्षं तेच. एक मेंढरू गेलं की मागे सगळी. गेल्या वर्षी सर्बियाच्या बॉर्डरवर सात तास उन्हात उभे होतो, पुढच्या गाडीतलं पोर आमच्या बॉनेटवर ओकलं, आणि हे लोक म्हणतात रस्ता चांगला आहे. शिसारी आली.

मी जाहीर केलं: यंदा रोमानियावरून. जेमाल सूर्यफुलाच्या बिया फोडत आणि टरफलं टेबलावर थुंकत म्हणाला, दाजी, माहितीचा रस्ता तोच जवळचा रस्ता. बायकोचा, नझिफेचा, भाऊ म्हणून ऐकून घेतो. दुसरा कुणी असता तर तिथेच उत्तर दिलं असतं.

घरी येऊन नकाशा पसरला. वेगळी वही केली. निश्चय: दर तीन तासांनी एकदाच थांबायचं, गाडीत उकडलेली अंडी नाहीत, आणि जेमालच्या आधी एक दिवस पोचायचं.

३० जून, रविवार
गावाहून, योझगातहून, पुतण्या ओनूरचा फोन. मुलीकडच्यांनी मागणीसाठी १२ जुलै, शुक्रवार संध्याकाळ ठरवली. काका, नक्की ना? असं तीनदा विचारलं. म्हणालो, मी नाही तर कोण? घराण्यात आता मोठा मीच. धाकटा भाऊ इल्यास जायच्या आधी दवाखान्यात माझा हात धरून म्हणाला होता, दादा, माझ्या पोरासाठी मागणी तू घाल. मी शब्द दिलाय. बाकी आयुष्यात पुष्कळांना पुष्कळ शब्द दिले, पण हा वेगळा.

वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं. ‘अल्लाच्या हुकुमाने आणि पैगंबरांच्या वचनाने, तुमची लेक गुल्हान आमच्या ओनूरसाठी मागतो.’ पैगंबरांपाशी जरा अडखळतो. नझिफे स्वयंपाकघरातून म्हणाली, अहो, सोपं आहे, मी म्हणून दाखवू का? बायकांनी म्हणायचं वाक्य नाही ते. दुर्लक्ष केलं.

७ जुलै, रविवार
सामान भरलं. गाडी म्हणजे भंगाराचं दुकान. शेजारणीने बहिणीला द्यायला कपड्यांची पावडर दिली, सहा किलो. तुर्कस्तानात पावडर मिळत नाही? चांदीचा चॉकलेटचा वाडगा, मागणीला न्यायचा, नझिफेने मांडीवर घ्यायचं ठरवलं. अंडीही उकडली आहेत. वास येतोय.

गाडीचे कागद तपासले. इन्शुरन्स स्वस्त पडावा म्हणून गाडी नझिफेच्या नावावर आहे. ती फक्त बाजारापर्यंत नेते, त्यामुळे वीस वर्षांत एक ओरखडा नाही. जेमाल म्हणाला, दाजी, मग गाडी ताईची म्हणायची. म्हटलं, कागद कुणाच्याही नावावर असो, गाडी चालवणाऱ्याची.

८ जुलै, सोमवार, पहाटे ५
निघालो. शेजारीण फिक्रिये तांब्याभर पाणी घेऊन आली, पाण्यासारखे जा, पाण्यासारखे या म्हणत गाडीमागे ओतायला. म्हातारीचा नेम असा की निम्मं माझ्या उघड्या खिडकीतून आत. आता ऑस्ट्रियापर्यंत ओल्या पाटलोणीत बसायचं. जेमाल आठला निघणार. तीन तासांची आघाडी.

संध्याकाळ
हंगेरी. हायवेवरच्या टॉयलेटबद्दल लिहायला घेतलं होतं, खोडलं. जेवण जाईना. जेमालचा फोन: आमच्या मागे चाळीस किलोमीटरवर आहे. हा माणूस गाडी चालवतो की पळवतो? उद्या फाटा येईल, तिथे त्याचा आणि माझा हिशेब वेगळा होईल.

९ जुलै, मंगळवार
फाट्यावर सगळी जर्मन नंबरची गर्दी सर्बियाकडे वळली. मी एकटा डावीकडे. हॉर्न वाजवून निरोप दिला. नझिफे म्हणाली, अहो, एवढे सगळे चुकतात आणि तुम्ही एकटे बरोबर, असं कधी झालंय का? म्हटलं, बघशील.

रोमानियाच्या बॉर्डरवर चार तास. हे मोजायचं नाही, कारण सर्बियाला सात लागले असते.

दुपार
घाट. पुढे गवताने भरलेला ट्रक, त्याच्यापुढे लाकडांचा ट्रक, त्याच्यापुढे घोडागाडी. घोड्याने वळणावर जे करायचं ते केलं, आणि आम्ही सगळे ते एकेक करून तुडवत गेलो. काच लावली तर अंड्यांचा वास, उघडली तर हा. पाच तासांत दोनशे किलोमीटर. जेमालचा फोन आला. सर्बिया ओलांडत आला, बॉर्डरवर चाळीस मिनिटं लागली म्हणे. फुशारक्या. मी म्हटलं, आम्हीही मजेत आहोत, निसर्ग बघतोय. नझिफे खिडकीकडे तोंड करून बसली.

१० जुलै, बुधवार
पेट्रोलपंपावरच्या एका माणसाने हाताने दाखवलं, की डॅन्यूबवरच्या पुलाला वळसा पडतो, खाली नदीवर बोट आहे, गाडीसकट पलीकडे नेते. असं ज्ञान मिळतं ते फक्त वेगळा रस्ता धरणाऱ्यांना. वहीत ताऱ्याची खूण केली.

बोट ट्रकांनी भरली की सुटते. सकाळी नऊला पोचलो. नदीकाठी डास, माश्या, आणि मेलेल्या मासळीचा दर्प. ट्रक एकेक करून येत होते, जणू कुणाच्या बारशाला निघालेत. दुपारी साडेतीनला सुटली. साडेसहा तासांत वाडग्यातलं चॉकलेट वितळून एकच गोळा झाला. नझिफेने तो दाखवला. तिने एक अंडं सोललं आणि मला न विचारता खाल्लं.

हिशेब केला. अजूनही गुरुवारी दुपारी बॉर्डर, शुक्रवारी दुपारी योझगात. चार-पाच तास हातात आहेत.

११ जुलै, गुरुवार, दुपार
कापीकुले, म्हणजे तुर्कस्तानात शिरायचं मोठं गेट, वीस किलोमीटरवर. अलीकडच्या पेट्रोलपंपावर कोण उभा? जेमाल. काल सकाळपासून. गाडीतच झोपला, शर्ट चुरगळलेला, पायाखाली टरफलांचा ढीग. ताईची काळजी वाटली म्हणून थांबलो, म्हणाला. खरं कारण थकवा असणार.

म्हणे, गेटवर पाच तासांची रांग आहे, चला, लागू या. रांगेत! त्याच त्या घामट गर्दीत, पोरांच्या ओकाऱ्यांत! मी नकाशा काढला. उत्तरेला हमझाबेलीचं लहान गेट आहे, शंभर-सव्वाशे किलोमीटर वळसा, पण तिथे कुत्रं नसतं. नझिफेने वाडगा उचलला, दार उघडलं आणि म्हणाली, आता मी तुमच्या अकलेवर एक किलोमीटरसुद्धा जाणार नाही, उद्या पोराची मागणी आहे. आणि जेमालच्या गाडीत जाऊन बसली. मी म्हटलं, बस, बघू कोण आधी पोचतं.

जाताना जेमालने काच खाली केली. दाजी, रांगेत निदान पुढचा माणूस दिसतो, म्हणाला. ह्या माणसाच्या म्हणी तरी आवरा कुणीतरी.

५ वाजता
हमझाबेली. पुढे फक्त नऊ गाड्या. नऊ! मोजून हसलो. एकटाच होतो म्हणून मोठ्याने हसलो. वहीत दोन ताऱ्यांच्या खुणा.

६ वाजता
गेटवरच्या तरुणाने कागद पाहिले, माझ्याकडे पाहिलं, गाडीत डोकावला. विचारलं, काका, नझिफेबाई कुठे आहेत? म्हटलं, पुढे गेल्या. म्हणाला, गाडी त्यांची आहे. त्या तरी हव्यात, नाहीतर त्यांचं मुखत्यारपत्र. म्हटलं, मी तिचा नवरा. म्हणाला, ते दिसतंय काका, पण गाडी त्यांची आहे. मी मागणीचं सांगितलं, इल्यासचं सांगितलं. पोरगं सभ्य होतं, खुर्ची दिली, पाणी दिलं. पण गाडी वळवायला लावली.

नझिफेला फोन लावला. तो माझ्याच गाडीत वाजला. चार्जिंगला लावून गेली होती.

८ वाजता
जेमाल शेवटी फोनवर सापडला. गेट ओलांडून कधीच पुढे गेलेत. रांग दोन तासांत संपली म्हणे. सगळं ऐकून म्हणाला, दाजी, मागे वळू का? आत्ता सांगा. पण मग उद्या संध्याकाळी आपण कुणीच वेळेत पोचणार नाही.

वळ म्हणणार होतो.

नको म्हणालो. तुम्ही पुढे व्हा, मी पोचतो काहीतरी करून.  

१२ जुलै, शुक्रवार
गाडी बल्गेरियात, जेमाल भेटला त्याच पेट्रोलपंपावर लावली, सहा किलो पावडरीसकट. दुपारी जर्मनीहून येणाऱ्या एका बसमध्ये जागा मिळाली, शेवटची, टॉयलेटला लागून. दार नीट लागत नाही. शेजारचा माणूस बूट काढून बसलाय. बस सर्बियावरून आली आहे. मस्त रस्ता, म्हणतो.

कापीकुलेला रांगच नव्हती.

संध्याकाळी सात वाजता इस्तंबूलच्या पुढे कुठेतरी होतो. बसच्या खिडकीशी वाक्य पुटपुटलं. शेजारच्याला वाटलं त्याला काही सांगतोय.

१३ जुलै, शनिवार
सकाळी आठला योझगात. ओनूर स्टँडवर आला होता. दाढी केलेली, बोटात अंगठी. मला मिठी मारली. अंगाला बसचा वास येत होता, तरी मारली.

सगळं त्यानेच सांगितलं. तासभर सगळे दाराकडे बघत बसले होते. गुल्हानचा बाप म्हणाला, मोठ्या काकांशिवाय कसं, थांबू या. कॉफी दोनदा झाली. जेमालला बोला म्हणाले, तर तो म्हणाला, तो मान माझा नाही. मग नझिफे उठली. वितळून पुन्हा घट्ट झालेलं ते चॉकलेट पुढे ठेवलं आणि वाक्य म्हणाली. कुठेही अडखळली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, हे माझ्या नवऱ्याचे शब्द आहेत, ते रस्त्यात आहेत. मुलीच्या बापाने डोळे पुसले आणि हो म्हणाला.

मी विचारलं, मला शिव्या दिल्या का? ओनूर म्हणाला, काका, तुमची बाजू घेतली त्यांनी.

दुपारी गुल्हानच्या घरी गेलो. तिने माझ्यासाठी कॉफी आणली. मागणीच्या दिवशी नवऱ्या मुलाची परीक्षा बघायला घालतात तसं मीठ घातलं होतं, मूठभर. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो. तोंड वाकडं केलं नाही. एवढं मला जमतं.

मग एकटाच इल्यासच्या कबरीवर गेलो. झालं म्हणून सांगितलं. कुणी घातली मागणी, ते सांगायला लाज वाटली, पण सांगितलं. वाक्यही म्हणून दाखवलं. पैगंबरांपाशी अडखळलो.

१४ जुलै, रविवार
नझिफे आणि जेमाल गाडी आणायला बॉर्डरला निघाले. आत आणायची तर तीच हवी. किल्ली मागितली, दिली. चोरूमवरून एक जवळचा रस्ता आहे, ते सांगायला वही घेऊन बाहेर आलो. ओनूर म्हणाला, काका, तुम्ही बसा. मी बसणारच होतो.

तेवढ्यात कुणीतरी भरलेला तांब्या माझ्या हातात दिला. जाणाऱ्यांच्या मागे राहणाऱ्यानेच पाणी ओतायचं असतं. पाण्यासारखे जा, पाण्यासारखे या म्हटलं आणि ओतलं. निम्मं जेमालच्या खिडकीतून आत गेलं.