सुप्याला जाण्यापूर्वी केलेली व्यवस्था

मी, रंगनाथ विठोबा घोटणकर, वय वर्षे त्रेपन्न, धंदा तांब्याची भांडी घडवणे, राहणार माळीवाडा वेशीच्या आत, अहमदनगर, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. ते कोणाच्या धाकदपटशाने लिहिलेले नाही. ते मी निव्वळ माझ्या स्वतःच्या भीतीपोटी लिहीत आहे. देह धडधाकट आहे, बुद्धी शाबूत आहे. बुद्धीबद्दल माझी पत्नी सौ. पुष्पावती हिचे मत निराळे आहे. ती म्हणते, "लोक काशीला जाताना निरवानिरव करतात. तुम्ही सुप्याला निघालात. दिवेलागणीला परत यायचंय!" तिला सुपा जवळ वाटतो. मला वेससुद्धा लांब आहे. उद्या सकाळच्या मोटारीने मी आमची एकुलती एक मुलगी इंदू हिला बाळंतपणासाठी आणायला जाणार आहे. त्यातून मी जिवंत उतरेन याची मला खात्री नाही, म्हणून आजच लिहितो.

कलम १. राहते घर, परसातल्या आडासह, पुष्पावतीस द्यावे. तिच्या हयातीत कोणी तिला "आता तुम्ही लेकीकडे राहा" म्हणू नये. या घरात ती माझ्यामुळे अडकली, पुढे राहिली तर तिच्या मर्जीने राहावी.

कलम २. दुकान, भाता, हातोड्या आणि भांडे ठोकून मठारण्याचे सर्व सामान चुलत पुतण्या गोरक्ष याचे. तो सध्या लढाईवर आहे, समुद्रापलीकडे. त्याला निरोप द्यायला मला वेशीपर्यंत जाणे होते, ते मी दुकानात गिऱ्हाईक आहे असे सांगून टाळले. गिऱ्हाईक नव्हते. परत आल्यावर त्याने धंदा करावा किंवा विकून टाकावा, पण मोठी हातोडी दांडा बदलल्याखेरीज उचलू नये. दांडा ढिला आहे.

कलम ३. आईचे घंगाळ थोरली बहीण झुंबरबाई, राहणार श्रीगोंदे, हिला द्यावे. त्याचे कारण सविस्तर लिहिणे भाग आहे.

मी लहान असताना गावात प्लेगाची साथ आली. सगळे गाव वेशीबाहेर रानात झोपड्या घालून राहिले. आमच्या झोपडीतून आधी धाकटा भाऊ गेला, मग वडील गेले. आई आम्हा दोघा भावंडांना घेऊन घरी परतली, दाराला आतून कडी घातली आणि म्हणाली, "माझ्या गळ्याची शपथ आहे, वेशीबाहेर पाऊल टाकायचं नाही." घातलेली शपथ सुटायची तर घालणाऱ्यानेच "सुटली" म्हणावे लागते. आई ते म्हणण्याआधीच वारली. तेव्हापासून मी वेशीबाहेर गेलो नाही. स्टेशन पाहिले नाही, जवळचे भिंगारही पाहिले नाही. माझे लग्नसुद्धा मुलीकडच्यांना वेशीच्या आत आणून लावले. लोक मला मातृभक्त म्हणू लागले. एकदा मातृभक्त ठरल्यावर भित्रा कोण म्हणणार? मलाही ते बरेच झाले.

गेल्या महिन्यात झुंबरबाई आली होती. मी तिच्यापुढे हेच गाऱ्हाणे मांडले. तिने पानाची चंची बाजूला ठेवली.

"रंग्या, मलाबी तीच शपथ हुती रं. त्याच दिशी, त्याच दाराआड. मंग म्या लगीन करून वेशीतूनच गेल्ते की न्हाई?"

"तू शपथ मोडलीस, अक्का?"

"मोडती कशाला? साथ गेली, आई गेली. वेशीत बैलगाडी थांबवली, आईचं नाव घेतलं आन् माझी म्याच म्हनलं, सुटली. तूबी म्हनायचं हुतंस. तुला कुनी धरलं हुतं?"

मला कोणी धरले नव्हते. ती गेल्यावर मी पायखान्यात जाऊन रडलो, कारण घरात दुसरी आडोशाची जागा नाही. आई मला भीतीपायी अडवून गेली, पण ती भीती एका वर्षाची होती. तिला चव्वेचाळीस वर्षे खायला घालून मीच पोसली. आईची शपथ खरी अक्कालाच कळली, म्हणून घंगाळ तिचे.

कलम ४. समोरचा लहानू कासार मला गिऱ्हाइकांदेखत 'वेशीतला मारुती' म्हणतो, म्हणे जागचा हलत नाही आणि शेंदूर मात्र रोज लागतो. त्यास माझ्या मिळकतीतून छदामही देऊ नये. तेराव्याला जेवायला बोलवावे, नाहीतर गावभर बोलेल. लाडू एकच वाढावा.

कलम ५. दागिन्यांपैकी पुतळ्यांची माळ इंदूची. पण तिला देण्यासारखी खरी वस्तू ती नव्हे.

इंदूला सुप्याला देताना, तिच्या पाठवणीच्या वेळी, मला एकाएकी ती रानातली झोपडी दिसली. मी तिचा हात घट्ट धरला आणि म्हणालो, "माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. माहेरचा मुराळी न्यायला आल्याखेरीज सासरचं घर सोडायचं नाही." ती मान हलवून गेली. पहिल्या दोन दिवाळ्यांना गोरक्ष मुराळी होऊन गेला. मग तो पलटणीत गेला. गेल्या वर्षी इंदू बाळंत व्हायची होती. सासरचे भले लोक आहेत, ते म्हणाले, नगरला दवाखाना आहे, जा. पण ती शपथेला धरून बसली. मी आज निघतो, उद्या निघतो म्हणत राहिलो. मूल सुप्यातच झाले, मेलेले. इंदूही तीन दिवस हाती लागते की नाही असे होते.

आता पुन्हा आठवा महिना आहे. पुष्पावती स्वतः जाऊन आली, एकटीच परत आली. मी निरोप धाडला होता की शपथ सुटली म्हणावे. त्यावर इंदूचा निरोप मोटारवाला सूर्यभान घेऊन आला. त्याने तो मान खाली घालून सांगितला. "ताई म्हनली, अण्णांनी त्यांच्या आईची पाळली, मी माज्या बापाची पाळते. सुटली म्हनायचं तर त्यांच्याच तोंडानं ऐकीन."

हट्टी आहे. माझ्यावर गेली आहे, दुसरे काय!

तरी मी वाटेत मेलो तर हा कागद तिला वाचून दाखवावा आणि हे शब्द माझ्या तोंडचे समजावेत. इंदू, तुला घातलेली शपथ सुटली. तू आपल्या पायांनी ये, कोणाबरोबर ये, कोणाशिवाय ये.

कलम ६. पेट्रोल लढाईवर जात असल्याने हल्ली मोटारीच्या मागे कोळशाची शेगडी बांधलेली असते, तिच्या धुरावर गाडी चालते. ती मी दुकानातूनही पाहिलेली नाही, पुष्पावतीच्या तोंडून ऐकले आहे, आणि तेवढ्याने हातापायाला मुंग्या येतात. तेव्हा सूर्यभानास हुकूम की वेशीबाहेर मी कितीही ओरडलो, शिव्या दिल्या, हात जोडले, छातीत कळ आली म्हणालो, तरी गाडी मागे फिरवू नये. शुद्धीवरचा रंगनाथ हे लिहीत आहे. मोटारीतला रंगनाथ जे म्हणेल ते ग्राह्य धरू नये. हे कलम सूर्यभानास संध्याकाळी वाचून दाखविले. तो म्हणाला, "आन् खरंच कळ आली तर वो?" मी त्याला कलम पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखविले.

या कागदावर दोन साक्षी लागतात. दत्तोपंत वकील उद्या दुपारी मोकळे होतील, तेव्हा परवा निघावे असे मी सुचविले. पुष्पावतीने पातेले आदळले. "साक्षीदार काय फक्त वेशीच्या आतच जन्माला येतात?" कागद माझ्या बंडीच्या खिशात घालून खिसा टाचायला ती सुईदोरा घेऊन उभी आहे. म्हणून सहीची जागा मोकळी सोडतो.

पुरवणी, माझ्याच हातची. सुप्याला व्याह्यांच्या घरी बसून लिहिली.

वेशीच्या कमानीखाली पाय अडले. आईचे नाव घेतले, पण "सुटली" तोंडातून फुटेना. मागून म्हशी आल्या, त्यांच्या रेट्याने बाहेर पडलो. मोटारीत मी ओरडलो. सूर्यभानच्या बापाचा उद्धार केला. सगळी मोटार माझ्याकडे पाहत होती आणि तो "व्हय अण्णा, व्हय" म्हणत हाकत राहिला. माळरान संपता संपेना. कोणतीही झोपडी दिसली की मी डोळे मिटत होतो.

इंदू दारात उभी होती. वाळली आहे, पाय सुजले आहेत. मी "सुटली" म्हणालो.  ती दोन्ही हात तोंडावर घेऊन जी रडली, की व्याही बाहेर आले.

आता परतीच्या मोटारीची वेळ झाली आहे. या सह्या होईतो थांब म्हटले, तर थांबली नाही. बोचके काखेत मारून एकटीच मोटारीकडे निघाली. दिवस भरत आलेले, रस्त्यावर नुसती खडी टाकलेली. माझ्या तोंडात आले होते, "शपथ आहे तुला, एक पाऊल टाकशील तर." जीभ चावली. आणखी लिहीत नाही, तिला गाठायचे आहे.

सही : रंगनाथ विठोबा घोटणकर

साक्ष : १. सूर्यभान गेनू शिंदे, मोटारवाला
२. हरिभाऊ गोपाळ सुपेकर, व्याही

मुक्काम सुपा, तालुका पारनेर, जिल्हा अहमदनगर
तारीख १७ फेब्रुवारी १९४४