धरणावरचं इंजिन

५ जानेवारी १९९६, जुन्नर
आज पोचलो. परळच्या रेल्वे वर्कशॉपात उभी हयात बॉयलर दुरुस्त केले, पण एवढं गोजिरवाणं वाफेचं इंजिन कधी हाती आलं नव्हतं. ठेंगणं, दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या. धरणाच्या कामावर दगडमाती ओढली, काम संपलं तसं तिथंच गंजत पडलं. इथल्या भंगारवाल्या शौकतभाईंनी ते विकत घेऊन घराच्या आवारात आणलं, पण तोडायला हात धजेना. आता ते पुन्हा चालवायचंय. दुपारी शौकतभाईंच्या घरी जोहराभाभींनी मटण-भाकरी वाढली. दोन घास जास्तच गेले.

१२ जानेवारी
बॉयलरच्या जुन्या नळ्या काढल्या. फायरबॉक्स, म्हणजे कोळशाची भट्टी, अजून दणकट.
तळेघरहून ठमाबाई आली. नवरा गेणू या इंजिनावर कोळसा मारायचा. पंचवीस वर्षांमागं एके दिवशी पाच वर्षांच्या लेकीला, साळूला, सोबत घेऊन कामावर गेला, ते दोघं परतलेच नाहीत. दुसरीचा हात धरून पळाला, असं लोक म्हणाले. तीही तेच मानत आली. इंजिनाला हात लावून तिनं शिव्या घातल्या, मग पदरानं तिथलीच धूळ पुसली.

१८ जानेवारी
डाव्या टाकीतून ठकठक येते. उन्हानं पत्रा ताणला जात असेल. शौकतभाईही तेच म्हणाले. पण आज दिवसभर आभाळ होतं.

२३ जानेवारी
टाकीचं झाकण बाहेरून आवळलेलं, गंजून धरलेलं. गॅसकटरनं पत्रा कापला. आत हाडं. मनगटाशी तांब्याचं कडं. टाकी साफ करायला उतरला असणार. झाकण कुणी आवळलं, का, हे सांगायला आता कुणी उरलं नाही. पोलीस आले. उजवी टाकी ठोकून पाहिली, रिकामी वाजली.
ठमाबाईनं कडं ओळखलं. ओरडली नाही. "लई शिव्या घातल्या वो मी त्याला," एवढंच म्हणाली. "रोज घातल्या."

२९ जानेवारी
गेणूला अग्नी दिला. त्यानंतर ठमाबाई चक्क हसली. टाकीत पोर नव्हती, म्हणजे साळू कुणाच्या तरी हाती लागली, वाढली, असं तिचं म्हणणं. "लगीन बी झालं आसंल, भाऊ. मला नात आसंल."
जोहराभाभी तोंड फिरवून आत गेल्या.

२ फेब्रुवारी
पुन्हा ठकठक. उजवीकडून. हलकी. आणि खालून, अगदी खालून, जिथवर लहान हात —
शौकतभाईंनीही ऐकलं. घरात जाऊन बसले.

३ फेब्रुवारी
उजवीचं झाकणही बाहेरून आवळलेलं. मी पाहिलंच नव्हतं — का पाहिलं नाही —
कटर उचलला. ठेवला. काय सांगू तिला?

४ फेब्रुवारी
भरदुपार. थांबतच नाही. पत्र्यावर बोट टेकवलं, तर आतून, नेमकं बोटाखाली —
फाटक वाजलं. ठमाबाई. साळूचा शोध कुठून सुरू करावा, ते विचारायला आलीय. थांबा म्हणालो. ती थबकली. ऐकतेय. चेहरा अजून हसराच — वाकली — टाकीला कान —