न सुटलेली लाँच

ता. ३ सप्टेंबर

प्रिय तोफेस,

स. न. वि. वि. त्यातला नमस्कार आधी घे. विनंती मी शेवटी करणार आहे, म्हणजे तू पत्र मध्येच ठेवून सभेला पळणार नाहीस.

तुझ्या बसप्रवासाची हकिकत मी आईंना मोठ्याने वाचून दाखवली. रस्त्यावर झाड आडवं पडलंय, वीज कडाडतेय, सगळी बस चिडीचूप, आणि तू खाली उतरून ड्रायव्हरला झाड कसं हलवायचं ते शिकवतेस! आई म्हणाल्या की झाडच घाबरून बाजूला झालं असेल. मी त्या बसमध्ये असते तर सीटखाली सापडले असते. आमच्याकडचं वादळ असं की परवा शिवणयंत्राच्या दिव्याजवळ ठिणगी उडाली आणि मी तीन गणवेश हाताने शिवले, पण बटणाला बोट लावलं नाही. वायरमन येऊन हसला. एक स्क्रू सैल होता म्हणे. आईंनी लगेच टोमणा मारला की ही एक दिवस नुसत्या धसक्याने जाईल आणि बिचाऱ्या विजेवर आळ येईल.

आता खरी गोष्ट. तुझ्या दादाने मागच्या आठवड्यात लाँच खाडीच्या मध्यावरून परत फिरवली. माणसं भरलेली होती, आपल्या बाजूचा धक्का समोर दिसत होता. वाऱ्याचा रंग त्याला आवडला नाही, म्हणून वळवली. लोक ओरडायला लागले. एका मुलीची परीक्षा बुडाली, एका व्यापाऱ्याच्या टोमॅटोच्या पेट्या दुसऱ्या दिवसापर्यंत तिकडेच नासत राहिल्या. आणि वादळ? आलंच नाही. संध्याकाळी पाणी इतकं शांत होतं की मलाच त्या पाण्याचा राग आला. बाजारात एकाने त्याला विचारलं की आता पंख्याचा वारा तरी सोसतो ना. तो हसला, पण घरी येऊन जेवला नाही.

लाँचच्या मालकाने पंधरा तारखेला तक्रारवाल्यांना आणि त्याला समोरासमोर बोलावलंय. त्याला काढतील, असं सगळे धरून चाललेत. आता विनंती: तू ये. तुझा दादा स्वतःची बाजू मांडायला उभा राहिला तर पाचव्या शब्दाला मान खाली घालेल, हे तुला ठाऊक आहे.

आईंचं धाप लागणं तसंच आहे. त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही. म्हणजे त्यांना सगळं माहीत आहे.

वेळ मिळेल तेव्हा न रागावता आठवण काढणारी,
तुझी घाबरट वहिनी


ता. ७ सप्टेंबर

आमच्या वहिनीबाईंस,

शाळेतली मैत्रीण म्हणून नमस्कार, नणंद म्हणून हुकूम: दादाला दोन वेळ जेवायला घाल. उपाशी माणसाची बाजू मला मांडता येते, पण रोज तेच करते, घरात नको.

मी येते. चौदालाच येते. कामगारांची सभा होती, ती पुढे ढकलली. पत्र वाचल्यापासून माझं डोकं तापलंय. या लोकांना नेमकं काय हवं होतं गं? लाँच उलटायला हवी होती? चार-सहा प्रेतं काठाला लागली असती, म्हणजे यांची खात्री पटली असती की वारा खरोखर वाईट होता? बुडालेल्या बोटीची चौकशी होते, फोटो छापून येतात, मालक हार घेऊन धावतो. न बुडालेल्या बोटीचं काय होतं? तक्रार! जी बोट बुडालीच नाही तिचा पुरावा माणसाने आणायचा कुठून? दादाने तो खिशात घालून आणायला हवा होता काय?

मी गिरण्यांमध्ये पाहिलंय. यंत्र खडखडतंय, थांबवा, असं म्हणणाऱ्याला आधी भित्रा म्हणतात. मग एखाद्याचा हात जातो आणि तेच लोक विचारतात की कुणी बोललं का नाही. अरे, बोलणाऱ्याला तुम्हीच गप्प केलंत! ज्याच्या हातात शंभर जणांचा जीव आहे त्याला घाबरण्याचा हक्क असलाच पाहिजे. हक्क कसला, ते त्याचं कामच आहे. मी हे तिथे बोलणार आहे. मालक ऐको, न ऐको.

तू मात्र ठिणगीला घाबरण्यात हक्काची भाषा आणू नकोस. तो निव्वळ वेडेपणा आहे. परवा आमच्या ऑफिसची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आतल्या सगळ्यांना धीर देता देता माझाच घसा कोरडा पडला, हे फक्त तुला सांगते. बाहेर फुटलं तर नणंद काय असते ते दाखवीन.

आईला सांग, मी येतेय आणि तिच्याजवळच झोपणार आहे.

भांडण झालं तरी माया न आटलेली,
तोफ


ता. १९ सप्टेंबर

प्रिय तोफेस,

सप्रेम नमस्कार. तू गेल्यापासून घर एकदम बहिरं झाल्यासारखं वाटतंय.

तुझ्या भाषणाचा अजून बाजारात गाजावाजा आहे. तो टोमॅटोवाला व्यापारी दुसऱ्या दिवशी स्वतःहून येऊन दादाशी बोलून गेला. परीक्षावाल्या मुलीच्या वडिलांनी तर तुझी वाक्यं पाठ केलीत आणि चहाच्या दुकानात ती स्वतःची म्हणून खपवतात. मालकाने लेखी कळवलं की वाऱ्याबाबत सुकाणूवर बसलेल्याचा शब्द शेवटचा, समोर कोणीही उभं असो. हे तुझ्यामुळे झालं. मी मागे बसले होते आणि रडत होते, ते तू पाहिलंस. मला घाबरट म्हणवून घेताना पहिल्यांदाच थोडी ऐट वाटली.

तुझ्या दादाला विचारलं की कसं वाटलं. तो बराच वेळ बूट पुसत बसला. मग म्हणाला की ती धाडस, धाडस असं फार म्हणाली. मला त्या दिवशी धाडस वगैरे काही वाटलं नव्हतं, पोटात गोळा आला होता एवढंच. आणि पुढे म्हणाला की पुन्हा तसा गोळा आला तर मी पुन्हा वळवीन, पण प्रत्येक वेळी ती भाषण करायला कशी येणार?

डॉक्टर येऊन गेले. आईंचं हृदय दमलंय, असं म्हणाले. औषधं बदलून दिली. आई म्हणतात की हृदय दमणारच, या घरात एकीला रोज घाबरायचं असतं आणि दुसरी रोज लढाईवर, मधल्यामध्ये धडधडायचं मी.

लोभ मागायची आपल्याला कधी गरज पडली नाही, तरी रीत म्हणून मागते.
तुझी वहिनी


ता. ८ ऑक्टोबर

तोफेस,

हे सकाळच्या लाँचने पलीकडच्या बसच्या ड्रायव्हरकडे पाठवतेय. आईंचं बरं नाही. डॉक्टर म्हणाले की जवळच्यांना बोलावून घ्या. मिळेल त्या बसने नीघ. दादा दुपारी लाँच घेऊन तुझ्या बाजूच्या धक्क्यावर येईल आणि तुझ्यासाठी थांबेल. त्या तुझंच नाव घेतायत.

वहिनी


ता. २ नोव्हेंबर

प्रिय,

नमस्कार. तुला तोफ म्हणायला आज हात धजत नाही.

तू आईंचं सगळं आटोपून गेलीस, जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवलास, दादाकडे पाहिलं नाहीस. त्यानंतर माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. हे तिसरं. यात विनंती आहे, पण या वेळी ती शेवटी ठेवत नाही. दादाला पत्र लिही. जे खरं वाटेल ते लिही, पण लिही.

त्या दुपारी धक्क्यावर काय झालं ते त्याने मला सांगितलं नाही. तिकीटवाल्याने सांगितलं. पश्चिमेकडून काळं चढत होतं आणि दादाने लाँच बांधून ठेवली. तू आधी समजावलंस, मग हात जोडलेस, मग सगळ्यांसमोर म्हणालीस की तू लहानपणापासून भित्रा आहेस, मालकापुढे मी जे बोलले ते बहीण म्हणून बोलले, खरं म्हणून नव्हे. तिकीटवाला म्हणाला की त्यावर दादाने फक्त एवढंच विचारलं, की ती माझीही आई नाही का. मग तो लाँचच्या कट्ट्यावर जाऊन बसला. वारा आला, अर्धा तास धिंगाणा घातला आणि गेला. तरीही ढग पांगेपर्यंत त्याने दोर सोडला नाही. तुम्ही संध्याकाळी पोचलात तेव्हा आई नुकत्याच गेल्या होत्या. त्यांचे हात अजून ऊबदार होते. ते तुम्हा दोघांनाही कळलं.

आता इकडचं सांगते, कारण ते फक्त मला माहीत आहे. तुला बरं वाटावं म्हणून मी असं लिहू शकले असते की आई म्हणाल्या, वारा आहे, पोरांना येऊ देऊ नका. शेजारणीने मला तसंच सांगायला सुचवलं होतं. पण तसं काही झालं नाही. त्या शेवटपर्यंत तुझी वाट पाहत होत्या. दाराकडे बघत होत्या. लाँच दिसते का, असं मला सारखं विचारत होत्या आणि मी सारखी खिडकीशी जात होते.

आणि खिडकीशी जाऊन मी काय करत होते ते ऐक. पाणी पांढरं झालं होतं. पलीकडचा धक्का दिसेनासा झाला होता. मागे आई विचारत होत्या, आणि मी मनात एकच घोकत होते की निघू नका, निघू नका, निघाला असाल तर वळा. आई एका बाजूला आणि तुम्ही दोघं एका बाजूला, आणि मी तुम्हाला निवडलं. त्यांच्या उशाशी उभी राहून निवडलं. त्या अर्ध्या तासात तुम्ही पार झाला असता की बुडाला असता? मला माहीत नाही. त्यालाही नाही. आता कुणालाच कधी कळणार नाही.

पण आज लिहायला बसले ते यासाठी नाही. परवा वारा वाईट होता. बाकीच्या नावा बाहेर निघाल्या नाहीत, तुझ्या दादाने मात्र माणसं भरून लाँच हाकली. मधल्या लाटेत एक म्हातारे गृहस्थ बाकावरून पडले, त्यांच्या कपाळाला खोक पडली. उतरल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या गं. म्हणाले की आता हा माणूस सुधारला. घरी आल्यावर मी त्याला विचारलं की पोटात गोळा आला नव्हता का. म्हणाला, आला होता. मग का नाही थांबलास? तर म्हणाला की थांबून आई गेली, बहीण गेली, आता थांबून आणखी काय मिळवायचंय.

मी आयुष्यभर नको तिथे घाबरले. आता घाबरायला खरं कारण आहे, तर कुणी हसत नाही.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
वहिनी


ता. ९ नोव्हेंबर

दादास,

नमस्कार. मायना काय घालावा ते सुचत नाही. सभेत पहिलं वाक्य मला कधी शोधावं लागलं नव्हतं. हे पत्र चार वेळा फाडलंय.

वहिनीने सगळं कळवलं. तिच्यावर रागावू नकोस.

आधी वाईट ते लिहिते. मी तुला माफ केलेलं नाही. तसं लिहिलं तर तुला ते खोटं आहे हे लगेच कळेल. झोपताना मला आईचं दाराकडे बघणं दिसतं. मी पाहिलेलं नाही, तरी दिसतं. त्या वेळी माझा हात तिच्या हातात असायला हवा होता. तू दोर सोडायला हवा होतास, असं मला त्या दिवशी वाटलं, आजही वाटतं, आणि उद्याही वाटेल अशी भीती आहे.

आता दुसरं लिहिते, आणि तेही तितकंच खरं आहे. मालकासमोर मी बोलले त्यातला शब्द न् शब्द मला पटलेला होता. धक्क्यावर मी म्हणाले की ते बहीण म्हणून होतं. ते खोटं. ते बहीण म्हणून नव्हतंच. बहीण म्हणून मी काय बोलते ते तू धक्क्यावर ऐकलंस. मी लोकांना सांगत फिरले की सुकाणूवरच्या माणसाला घाबरू द्या, पण तेव्हा किंमत टोमॅटोची होती. टोमॅटो माझे नव्हते. माझी पाळी आली तेव्हा मी त्या व्यापाऱ्यापेक्षा मोठ्याने ओरडले. पण म्हणून बोललेली गोष्ट खोटी होत नाही, दादा. ती फक्त मला महाग पडली. तुला माझ्याहून महाग पडली, कारण दोर तुझ्या हातात होता. आई तुझीही होती, आणि तू वाऱ्याकडे पाहत राहिलास. मला ते जमलं नसतं. मी निघाले असते आणि माझ्याबरोबर सगळ्यांना नेलं असतं.

त्या दिवशीच्या टाळ्यांचं मी वाचलं. टाळ्यांची मला चांगली ओळख आहे. त्या ऐकून तू लाँच हाकू लागलास तर एक दिवस पलीकडच्या खिडकीत कुणीतरी उभं असेल, आणि समोरून काहीच येणार नाही. थांबून काय मिळवायचंय, असं तू वहिनीला विचारलंस. काही मिळत नाही. माणसं घरी जातात, तुला नावं ठेवतात आणि जेवायला बसतात. एवढंच मिळतं. मला भाषणात हे सांगता आलं नव्हतं, कारण मला ते माहीत नव्हतं.

त्या गृहस्थांच्या घरी जाऊन ये. त्यांना सांग की तुला कळत होतं आणि तरी तू निघालास.

मी येत्या शनिवारी दुपारच्या बसने धक्क्यावर पोचते. आईच्या खोलीतलं आवरायचं आहे, वहिनीने एकटीने ते करू नये. आपण दोघं काय बोलू, बोलू तरी की नाही, मला ठाऊक नाही. पण शनिवारी काळं चढताना दिसलं आणि तुझ्या पोटात गोळा आला, तर लाँच बांधून ठेव. मी तिथल्या बाकावर बसेन. माझा स्वभाव तुला माहीत आहे, मी गप्प बसणार नाही. कदाचित चारचौघांत पुन्हा वाटेल ते बोलेन, आणि त्या वेळी ते मला खरंही वाटत असेल.

मी कितीही ओरडले तरी दोर सोडू नकोस.

तुझी धाकटी बहीण